एक की नऊ

नकाशा कचेरीत आरेखकाच्या टेबलाशी तेहतीस वर्षं बसलेल्या बाईला काही नाव असणारच, पण हजेरीपट सोडला तर ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर पक्क्या काळ्या शाईचा डाग होता. साबणाने जाईना, रॉकेलने जाईना, म्हणून त्या शाईबाई. निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली, डाग केव्हाच गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कोपऱ्यावरचा भाजीवालाही त्यांना शाईबाई म्हणतो आणि त्याला कारण ठाऊक नाही. त्याची आपली समजूत, बाई निवडणुकीच्या ड्यूटीवर लोकांच्या बोटांना शाई लावत असणार.

बाईंना एक खोड आहे. काहीही होवो, त्या ‘बरं झालं’ म्हणतात. लिफ्ट बंद पडली, बरं झालं, गुडघ्यांना सवय राहील. दूध नासलं, बरं झालं, कोरा चहा किती दिवसांत प्यायला नव्हता. चार वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या माणसांसमोर डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, बरं झालं, पस्तीस वर्षं तरी मिळाली. मागायला गेले असते तर एवढी कुणी दिली नसती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांची लेक इस्पितळात नर्स आहे, जन्मभर माणसांचं कण्हणं ऐकत आलेली. तिला आईच्या या खोडीचा भयंकर राग येतो. ती म्हणते, आई, एकदा तरी ‘वाईट झालं’ म्हण गं, मोकळी होशील.

मग एका मंगळवारी नोटीस आली. लेकीने ती उभ्या उभ्या वाचून दाखवली आणि वाचून झाल्यावर थांबली, आता आईचं ‘बरं झालं’ येणार म्हणून. ते आलं नाही. बाई खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या.

नोटीस त्यांच्या घरामागच्या गल्लीबद्दल होती. आता गल्ली म्हणजे तरी काय, इमारतींच्या दोन रांगांमधून जाणारी लांबलचक, सहा हात रुंदीची फरसबंद वाट. एका टोकाला इस्पितळाचं मागचं फाटक, दुसऱ्या टोकाला जुनी नकाशा कचेरी. मध्ये एक शिंपी मशीन घेऊन बसतो, भिंतीला टेकून तीनचार सायकली असतात, पहिल्या मजल्यावरून कुणाच्या तरी ओल्या चादरीचं पाणी डोक्यावर ठिबकतं. सकाळी शाळेची मुलं, मागून नर्सा, मग कचेरीवाले, दुपारी डबे घेऊन जाणारे नातेवाईक, अशी वर्दळ. गल्लीला नाव नाही. लोक तिला नुसतं ‘मधून’ म्हणतात. कुठून आलास? मधून.

गल्लीच्या मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूंच्या जागा आता एकाच माणसाच्या झाल्या होत्या. फरश्या विकणारा मोठा दुकानदार, सगळे त्याला टाइल्सवाला म्हणत. त्याला दोन्ही जागा एक करून मोठं दालन उभारायचं होतं, आणि मध्ये ही गल्ली. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. त्याने सरळ अर्ज केला. त्याचं म्हणणं असं की चाळीस वर्षांपूर्वीच्या ज्या नकाशात इथे वाट दाखवली आहे, त्या नकाशातच चूक आहे. तेव्हा इथे लिंबांची बाग होती, बागेतून कसली आलीय सार्वजनिक वाट? रेघ चुकीची ठरली तर गल्लीची जागा मूळ मालकीत परत जाईल. नकाशावर आरेखक म्हणून खाली सही शाईबाईंची होती, म्हणून साक्षीला त्यांना बोलावलं होतं. मोजणी करणारा माणूस हयात नाही, असं नोटिशीत लिहिलं होतं. ते तर बाईंना कुणी सांगायला नको होतं. मोजणी त्यांच्या नवऱ्याने केली होती.

बाईंना धास्ती होती ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. टाइल्सवाला म्हणतोय ते खरं आहे, असं त्यांना चाळीस वर्षं वाटत आलं होतं.

आता हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

तेव्हा बाई चोवीस वर्षांच्या होत्या आणि कचेरीत नव्या होत्या. टेबल खिडकीशी होतं, आणि खिडकीतून दिसायची ती बाग. लिंबाची दोनेक हजार झाडं, ओळीत लावलेली. पलीकडे मोजणीचा तळ पडला होता. सात तंबू, भोवती तारेचं कुंपण, एक पाण्याची टाकी. मोजणीवाले दिवसभर साखळ्या ओढत हिंडायचे, मोजमापं फील्डबुकात लिहायचे, ती फील्डबुकं आठवड्याला कचेरीत यायची आणि बाई त्यांवरून ट्रेसिंगच्या कापडावर शाईने नकाशा काढायच्या. घराचा चौकोन, विहिरीचा गोल, झाडाची फुली. गाडीरस्त्याला दोन रेघा, पायवाटेला एक तुटक रेघ.

मोजणीवाल्यांत एक होता, त्याला सगळे सरळरेघ म्हणत. चालणं सरळ, बोलणं सरळ, आणि न मोजलेलं बोटभरही कागदावर आणायचा नाही अशी ख्याती. साहेबाने एकदा म्हटलं होतं, अरे तेवढा कोपरा अंदाजाने लाव, संध्याकाळ झाली. हा कंदील घेऊन गेला आणि मोजून आला. त्याला इथे एकेरीतच बोलू या, कारण बाई त्याला पहिल्या महिन्यापासून ‘अरे’ म्हणत आणि शेवटपर्यंत त्यात बदल झाला नाही.

अशा माणसाच्या फील्डबुकात एक मोठा दोष निघाला. त्याचा एक आणि त्याचा नऊ ही जुळी भावंडं होती. वर तशीच गाठ, खाली तसंच शेपूट. एकवीस की एकोणतीस, काही केल्या लागेना. कचेरीचा नियम कडक होता. आकड्याची शंका आली तर आरेखकाने चिठ्ठी पाठवायची आणि ज्याने मोजलं त्यानेच जातीने येऊन आकडा सांगायचा, शेजारी सही करायची. बाईंनी चिठ्ठी पाठवली, ‘पान बारा, एक की नऊ?’ तो आला. दुसऱ्या दिवशी पान चौदा. तो पुन्हा आला. आठवडा झाला, पंधरवडा झाला, शंका काही संपेनात. बाकीचे आरेखक खाली माना घालून हसायचे. एकाने तर विचारलं, बाई, यांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवू का?

तळावरून कचेरीला यायचा रस्ता तळ्याला वळसा घालून, चालत पाऊण तास. सरळरेघ वळसा कशाला घालतोय? तो बागेतून नाकासमोर यायचा, बारा मिनिटांत. लिंबाचे काटे लागून शर्टाच्या बाह्या फाटायच्या. बाई आकडा विचारायच्या, तो सांगायचा, सही करायचा, आणि मग दोघंही काही कारण नसताना खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. रोज त्याच ओळीतून जाऊन जाऊन तिथलं गवत मेलं आणि मातीचा एक पट्टा उघडा पडला. बाईंना तो खिडकीतून दिसायचा. आपल्या चिठ्ठ्यांनी जमिनीवर ओरखडा उठला, याचं त्यांना आत कुठेतरी फार सुख व्हायचं.

लग्नानंतर काय झालं माहीत आहे? दूधवाल्याच्या कार्डावर सरळरेघ एक आणि नऊ लिहायचा ते असे टपोरे, असे स्वच्छ वेगळे, की आंधळ्यालाही कळावेत. बाईंनी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, हवापाणी मानवलं, हात सुधारला. जन्मभर याहून जास्त त्याने कबूल केलं नाही.

पण लग्नाआधीची एक गोष्ट बाईंच्या मनात सलत राहिली. मोजणीचा हंगाम संपत आला तेव्हा बागेचा नकाशा त्यांनी पुरा केला होता. त्यात ती वाट नव्हती, आणि नसणंच रीतीला धरून होतं. कारण कचेरीचा नियम असा, की वाट नकाशावर घ्यायची तर ती एकाहून अधिक माणसांच्या पायाखालची पाहिजे. एकट्याच्या जाण्यायेण्याला वाट म्हणत नाहीत. मग एका सकाळी तळावरून दुरुस्तीची चिठ्ठी आली, सरळरेघच्या सहीची. ‘बागेतील पायवाट घेणे.’ खाली कोन, लांबी, सगळं व्यवस्थित. बाईंनी ती वाचली आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या वाटेवरून कोण जातं ते त्यांना ठाऊक होतं. एकच माणूस जातो. नियमाने त्यांनी शंकेची चिठ्ठी पाठवायला हवी होती. एक-नऊसाठी रोज एक चिठ्ठी पाठवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी पाठवली नाही. दौतीत लेखणी बुडवली आणि तुटक रेघ ओढून टाकली. आठवड्यात तळ उठला, शेवटची फील्डबुकं, आणि सरळरेघने महिनाभर तळावरच ठेवून घेतलेलं एक बुकही, पेट्यांत बंद होऊन थेट कोठीत गेली, बाईंच्या टेबलावर आलीच नाहीत. सरळरेघने आयुष्यात एक रेघ खोटी काढायला सांगितली ती आपल्यासाठी, आणि आपण ती काढली, असं बाई धरून चालल्या. त्याला त्यांनी कधी विचारलं नाही. लाजल्या म्हणा, किंवा खोटेपणासुद्धा गोड वाटला म्हणा. दोन्ही असेल.

पुढे बाग गेली. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. दर दोनतीन वर्षांनी नवी मोजणी यायची आणि बाई नकाशा दुरुस्त करायच्या. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसता येत नाही, ब्लेडच्या पात्याने हलक्या हाताने खरवडावी लागते. दोन हजार फुल्या काही नकाशात नव्हत्या, शंभरेक असतील, पण प्रत्येक फुली बाईंनी आपल्या हाताने खरवडली. झाडाच्या जागी भिंत, भिंतीच्या जागी इमारत, टाकी गेली, तळं बुजवून तिथे इस्पितळ झालं. खिडकीतून लिंबाच्या फुलांचा वास यायचा तो केव्हा थांबला ते बाईंना सांगता येत नाही. त्या तुटक रेघेला मात्र पातं लावायचं कारण पडलं नाही. नकाशात वाट आहे म्हणून भूखंड पाडताना ती सोडली, भूखंडांवर इमारती आल्या तेव्हा मध्ये गल्ली राहिली. आसपासचं सगळं पालटलं आणि सरळरेघच्या पावलांची जागा तेवढी आहे तिथे राहिली. लग्नानंतर निवृत्त होईपर्यंत बाई त्याच वाटेने कचेरीत गेल्या. लेकीला कडेवर घेऊन इस्पितळात गेल्या त्याही तिथूनच.

आणि नवरा गेल्यापासून त्या रोज सकाळी तिथून चालतात. काम काही नसतं. झालंय असं, की अलीकडे त्यांना त्याचा आवाज आठवेनासा झालाय. चेहरा फोटोत आहे, शर्ट कपाटात आहेत, आवाज कुठे ठेवणार? पण गल्लीत शिरलं की त्याचं चालणं आठवतं. अगदी स्वच्छ आठवतं. लांब टांग, डावा खांदा जरा पुढे, झाडी नसतानाही काटे चुकवल्यासारखं. बारा मिनिटांची ती वाट बाईंच्या चालीने आता वीस मिनिटांची झाली आहे. बाई म्हणतात, बरं झालं, आठ मिनिटं जास्त मिळाली.

ती गल्ली बंद होणार होती, आणि बंद करावी की नाही हे ठरणार होतं बाईंच्या तोंडून.

लेकीने आदल्या दिवशी बजावलं होतं की तू फक्त ‘रेघ बरोबर आहे’ एवढं म्हण आणि गप्प बस, जास्त खोलात जाऊ नकोस. तिला खोलातलं काही ठाऊकही नव्हतं. इस्पितळात वळसा घालून जायचं म्हणजे तिला रोज अर्धा तास आधी निघावं लागणार होतं, तिची काळजी एवढीच होती. बाई हं म्हणाल्या. रात्रभर काही त्यांनी तळमळून काढली नाही, झोपल्या. पण सकाळी चहात साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून दोनदा घातली.

सुनावणी कचेरीच्याच वरच्या मजल्यावर होती, जिथे बाईंचं टेबल असायचं त्याच खोलीत. आता तिथे संगणक होते. मोजणी अधिकारी पस्तिशीची बाई होती, मोजकं बोलणारी, समोर सगळी कागदपत्रं कडेला कड लावून मांडलेली. टाइल्सवाला आधीच आला होता. बाईंना बघून उठला, आपली खुर्ची पंख्याखाली सरकवून त्यांना दिली आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. बाईंना वाटलं, हा मेला चांगला वागला नसता तर बरं झालं असतं.

अधिकारीण म्हणाली की सकाळीच कोठीतून मूळ फील्डबुक सापडलंय. तिने ते पुढे केलं. तपकिरी पुठ्ठा, कडा वाळवीने कातरलेल्या. हे बुक बाईंच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं. पान सदतीस उघडलेलं होतं आणि त्यावर त्याचं अक्षर, कालच लिहिल्यासारखं. ‘लिंबाची बाग. पायवाट, नवी. रुंदी दीड फूट. वापरणारे:’ आणि पुढे आकडा.

अधिकारिणीने आकड्यावर पेन्सिलचं टोक टेकवलं. तिने सांगितलं की आम्ही तिघांनी भिंग लावून पाहिलं, पण लागत नाही. एक असेल तर नियमाप्रमाणे ती वाटच नव्हे, अर्ज मंजूर करावा लागेल. नऊ असेल तर प्रश्नच मिटला. या गृहस्थांचं अक्षर तुमच्याइतकं कुणी वाचलेलं नाही, असं कचेरीतले जुने लोक म्हणतात. टाइल्सवाल्यानेही मान हलवली. बाई सांगतील ते मला मान्य, म्हणाला.

“बाई,” अधिकारीण म्हणाली, “एक की नऊ?”

हा प्रश्न बाईंनी किती वेळा विचारला होता, आणि तो त्यांना कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. वर गाठ, खाली शेपूट. नऊ म्हटलं असतं तर जगातल्या कुणाची हरकत नव्हती. गल्ली राहिली असती, शिंपी राहिला असता, लेकीची अर्ध्या तासाची झोप राहिली असती, आणि रोजची ती वीस मिनिटं राहिली असती. जीभ नऊवर आलीही होती. पण बाईंना काय आठवावं? तो बागेतून फाटक्या बाह्यांनी यायचा, आकडा बघायचा, आणि सांगायचा. पन्नास वेळा आला असेल. अक्षराचं नाटक त्याने केलं, पण एकदा समोर उभं राहून विचारल्यावर एकाचा नऊ किंवा नवाचा एक त्याने कधी करून सांगितला नाही. त्याच्या आकड्यावर आज त्याच्या बायकोने खोटं बोलायचं?

“एक आहे,” शाईबाई म्हणाल्या.

बाईंना रडू फुटलं. वाईट झालं, असं त्यांना वाटलं, स्वच्छ, सरळ, वाईट झालं. टाइल्सवाला खाली बघत राहिला. त्याला जिंकल्याचं काही वाटत नसावं, किंवा वाटत असलं तरी त्याने ते दाखवलं नाही. अधिकारिणीने कागदावर ‘एक’ लिहिलं, आणि फील्डबुक मिटायला हात घातला, तेव्हा पानाच्या तळाशी पेन्सिलीने केलेली बारीक खूण तिला दिसली. ‘पान बावन्न पाहा.’

तिने पान बावन्न काढलं. वाचलं. परत वाचलं. मग बुक फिरवून बाईंपुढे ठेवलं.

तारीख पहिल्या नोंदीनंतर सव्वीस दिवसांची. अक्षर तेच, पण या वेळी आकडा नव्हताच. ‘पान सदतीसची दुरुस्ती. पायवाट वापरणारे: अक्षरी दोन. दुसरी व्यक्ती काल दुपारी कचेरीकडून तळाच्या कुंपणापर्यंत आली, तेथून परत गेली. पावलं तपासली. नियमानुसार वाट नकाशात घेण्यास पात्र.’ खाली सही. बाईंना आलेल्या त्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवर हीच तारीख होती.

बाईंनी वाचलं, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आईला नाही, मैत्रिणीला नाही, लेकीला नाही, आणि पस्तीस वर्षांत त्यालाही नाही. हंगामाच्या शेवटी सरळरेघ तीन दिवस कचेरीत आला नव्हता. चिठ्ठ्या पडून राहिल्या. शिपाई म्हणाला, तळावर ताप पसरलाय, दोघांना गाडीत घालून नेलं. त्यातला एक तो तर नसेल? दुपारच्या सुट्टीत शाईबाई उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडून बागेत शिरल्या. पहिल्यांदाच. काट्यात अडकून पदर फाटला. पळतच गेल्या म्हणा ना. कुंपणाशी पोचल्या तर तो तंबूबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसला होता, अंगावर घोंगडी, हातात भांडं, काहीतरी पीत होता. हडकला होता, पण जिवंत होता. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी लाज अशी काही आली की तोंडातून शब्द फुटेना. सगळ्या तळासमोर काय सांगणार, कशाला आले? तो मान खाली घालून पीत होता. त्याने पाहिलं नाही, असं समजून त्या आल्या पावली परतल्या, आणि आपल्या त्या एका फेरीला कुणी वापर म्हणेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्याने पाहिलं होतं. तापातल्या माणसाने उठून, वाकून, पावलं तपासली होती. त्याआधी सव्वीस दिवस ती वाट त्याच्या बुकात पडून होती आणि त्याने ती नकाशावर जाऊ दिली नव्हती, कारण चालणारा एकटाच होता. दुसरं पाऊल पडेपर्यंत तो थांबला. पडल्यावर एक दिवसही थांबला नाही. आणि बाई लाजतील म्हणून उभ्या जन्मात त्याने त्या दुपारचा विषय काढला नाही. खोटी रेघ म्हणून बाई चाळीस वर्षं जिला पोटाशी धरून होत्या, ती शाईबाईंच्या हातून निघालेली सगळ्यांत खरी रेघ निघाली.

अधिकारिणीने पेन पुन्हा हातात घेतलं. नोंद पुरी करायची तर दुसरी व्यक्ती कोण ते लिहावं लागेल, असं तिने सांगितलं, आणि विचारलं की याबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का.

“मी,” बाई म्हणाल्या.

टाइल्सवाल्याने मान वर केली. त्याने बाईंकडे पाहिलं, बुकाकडे पाहिलं, आणि समोरचा आपला अर्ज हळूच उचलून घडी घालायला लागला. वाट राहू द्या, माझी हरकत नाही बाई, म्हणाला.

“आणि जाण्याचं कारण?” अधिकारिणीने पेन टेकवून विचारलं. “रकाना आहे, म्हणून विचारते. बाग ओलांडून कुंपणापर्यंत कशासाठी गेला होतात?”

बाईंनी डोळे पुसले. त्या हसतही होत्या. त्याला कधी सांगितलं नव्हतं ते आता त्याच्याच बुकात लिहिलं जाणार होतं.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “माणूस बरा आहे का, ते बघायला.”

अधिकारिणीने शब्द न बदलता तसंच लिहिलं.